सीनाकाठची पांढर : बचाव उत्खननाच्या नोंदी

५ डिसेंबर

जागा आज सगळ्यांनी मिळून पायी पाहिली. सीना नदीचा काठ, सोलापूरपासून गाडीने तासाभराच्या आत. गावाचं नाव परवान्यावर आहे, इथे मुद्दाम लिहीत नाही. मेटल डिटेक्टर घेऊन रात्री टेकाडं उकरणाऱ्यांना पत्ता द्यायचा नाही. जुनी पांढर, म्हणजे उजाड झालेल्या वस्तीचं टेकाड, आजच्या वस्तीपासून थोडी बाजूला आहे आणि नव्या बाह्यवळण रस्त्याची आखणी नेमकी तिच्या दक्षिण उतारावरून गेली आहे. रस्त्याची हद्द ६० मीटर रुंद, पांढरीतून जाणारी लांबी २२० मीटर. म्हणजे सव्वातीन एकर. मेअखेर जागा रस्त्याच्या कामाला मोकळी करून द्यायची, असं लेखी ठरलंय. १९५८च्या कायद्याखालचा परवाना हातात पडल्याशिवाय कुदळ लावायची नाही हे आधीच सांगितलं होतं. तो गेल्या आठवड्यात आला.

उतारावर पायाखाली खापरंच खापरं. काळी-तांबडी भांडी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, एका ठिकाणी लोखंडाच्या मळीचा ढीग. सातवाहन काळातली वस्ती असणार, यावर आमच्यात दुमत नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा, म्हणजे जुन्या तगरचा माल भडोचच्या बंदरात जात होता, हे पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी नोंदींत आहे. अशा पेठांबद्दल आपल्याला बरंच ठाऊक आहे. त्यांच्या आसपासच्या लहान गावांत माणसं काय शिजवत होती, घर किती वर्षांनी सारवत-लिंपत होती, पाणी कुठे मुरवत होती, याबद्दल फार थोडं. मला या सव्वातीन एकरांतून तेवढंच हवंय.

१० डिसेंबर

सगळं खोदणं शक्य नाही, त्यामुळे काय सोडायचं हे आत्ताच ठरवायला हवं. पूर्ण पट्ट्यावर १० मीटरचे चौकोन आखून पृष्ठभागावरची खापरं चौकोनवार वेचली, मोजली, वजन केली. त्यावरून आणि मीटरभराच्या चाचणी खड्ड्यांवरून चार विभाग पाडले. अ म्हणजे पश्चिमेकडचा उतार, पुराची गाळमाती. ब आणि क, वस्तीचा गाभा. ड, पूर्वेकडचा भाग.

ड विभागाबद्दल गावातल्या एका आजोबांनी फार मोलाची माहिती दिली. पांढरीची माती शेताला खत म्हणून आणि माळवदावर घालायला नेत, हे आम्हाला माहीत होतं. पण गाड्या कुठे लागत, कोणत्या वर्षी किती माती गेली, हे त्यांनी काठीने रेघा मारून दाखवलं. “माझ्या बापानं नेली, मी नेली. वरचं पुरुषभर तर आमच्या देखत गेलं, ताई.” त्यांनी दाखवलेली गाडीवाट तुटक रेषेने नकाशावर चढवली आणि ड विभागात मोजके आडवे चर घेऊन थांबायचं ठरलं. त्यामुळे मोकळी झालेली माणसं ब आणि क मध्ये लावली.

१६ डिसेंबर

उंचीचे संदर्भबिंदू पक्के केले. दोन्ही रस्त्याच्या हद्दीबाहेर: एक मारुतीच्या देवळाच्या जोत्यावर, दुसरा शाळेच्या आवारात सिमेंटचा ठोकळा रोवून. इथली प्रत्येक उंची या बिंदूंवरून लिहायची. ‘पृष्ठभागापासून ८० सेंमी’ असं कुणीही लिहायचं नाही, कारण जून उजाडेल तेव्हा तो पृष्ठभाग राहिलेला नसेल.

क्रमांकांची पद्धतही आज ठरली. प्रत्येक विभागाला हजाराचा पट्टा: अ ला १००० पासून, ब ला २००० पासून, असं पुढे. प्रत्येक थर, प्रत्येक खड्डा, खड्ड्यातला भराव, भिंत, जमीन, या सगळ्यांना स्वतंत्र संदर्भ क्रमांक. खड्डा खणणं ही एक घटना आणि तो भरणं ही दुसरी, म्हणून क्रमांकही दोन. रद्द झालेला क्रमांक आडवी रेघ मारून तसाच ठेवायचा, पुन्हा कुणाला द्यायचा नाही. क्रमांक देणारी वही एकच, आणि ती माझ्या टेबलावर.

२० डिसेंबर

संध्याकाळी विद्यार्थ्यांचा वर्ग घेतला. आपल्याकडे चौकोनी खड्डे आणि त्यांच्यामध्ये बाल्क, म्हणजे न खोदलेल्या मातीचे बांध, ठेवायची रीत रुळली ती मॉर्टिमर व्हीलर यांच्यामुळे. १९४४ साली ते पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि तक्षशिलेच्या प्रशिक्षण वर्गातून त्यांनी एक अख्खी पिढी तयार केली. ती पद्धत थर शिकायला उत्तम आहे. पण बाल्कखाली भिंतींचे सांधे दडून राहतात, आणि इथे बाल्क नंतर कधीतरी काढू असं म्हणायची सोय नाही. म्हणून ब आणि क मध्ये मोकळं क्षेत्र उघडायचं, एका वेळी एकच संदर्भ (क्रमांक दिलेला एक थर किंवा एक भराव) काढायचा, आणि नातं दाखवायला एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ साली मांडलेली आकृती वापरायची. कोण कुणाच्या वर, कोण कुणाला कापून गेलं, हे चौकटी आणि रेघांनी. दर रात्री प्रत्येक विभागप्रमुखाने दिवसभराच्या चौकटी जोडून दाखवायच्या. जोडता येत नसतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तिथे जाऊन पाहायचं, मगच पुढची पाटी भरायची.

संदर्भपत्रिकेत, म्हणजे प्रत्येक संदर्भ क्रमांकाच्या नोंदीच्या कागदात, ‘काय दिसलं’ आणि ‘काय वाटतं’ हे दोन वेगळे रकाने ठेवलेत. मातीचा रंग ओल्या मातीवर, सावलीत, मुन्सेलच्या रंगतक्त्याला लावून. थर कुदळीने काढला की करणीने, हेही लिहायचं, कारण कुदळीने काढलेल्या थरात मणी सापडले नाहीत याचा अर्थ तिथे मणी नव्हते असा होत नाही.

एका मुलीने विचारलं, एवढं लिहिणार कोण आणि वाचणार कोण? तिला नागार्जुनकोंडा सांगितलं. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणारं अख्खं खोरं १९५४ ते १९६० या काळात खोदलं गेलं. काही वास्तू उचलून टेकडीवर नेल्या, बाकीचं पाण्याखाली गेलं. अहवालाचा पहिला खंड आला १९७५ मध्ये आणि दुसरा २००६ मध्ये. खोदणं थांबल्यावर ४६ वर्षांनी. म्हणजे तो खंड ज्यांनी वाचला त्यांतल्या बहुतेकांनी ती जमीन कधी पाहिली नव्हती आणि पाहूही शकणार नव्हते. आपली पत्रिका त्या माणसासाठी आहे. ‘वरच्यासारखीच माती’ असं लिहिलं तर तो काय करेल?

३ जानेवारी

वरची नांगरट काढायला जेसीबी आणला. चालकाला बकेटच्या दातांवर सपाट पट्टी वेल्ड करून घ्यायला लावली. दात असलेली बकेट थर ओरबाडते आणि खालचं काही वाचता येत नाही. एका वेळी बोटभरच माती काढायची, यंत्र मागे सरकत राहील, उघडलेल्या जमिनीवर चाक येणार नाही, आणि बकेटसमोर आमचा माणूस उभा. चालक दादांना दुपारपर्यंत हात बसला. मातीचा रंग बदलला की आम्ही सांगण्याआधीच ते बकेट उचलू लागले. त्यांना शेवटपर्यंत याच कामावर ठेवा, अशी विनंती ठेकेदाराच्या अभियंत्यांना केली. मान्य झाली.

१३ जानेवारी

काम बंद. सिद्धेश्वरांच्या यात्रेचा अक्षता सोहळा, मजुरांपैकी निम्मे सोलापुरात नंदीध्वजांच्या मिरवणुकीला. हे वेळापत्रकात आधीच धरलं होतं.

२४ जानेवारी

अ विभागातली काळी माती वाळली तसतशा भेगा उघडू लागल्यात. काही भेगांत हात कोपरापर्यंत जातो. आज एका थरात, खाली नीट दबलेल्या मातीशेजारी, काचेचा निळा मणी मिळाला. विद्यार्थी आनंदला. त्याच भेगेत मण्याच्या खाली वीतभर अंतरावर गुटख्याच्या पुडीचा कोपरा निघाला.

भेगांचा नियम सगळ्या विभागांना कळवला: कोणताही थर काढण्याआधी त्यातल्या भेगा ओळखायच्या, त्यांची माती वेगळी, वेगळ्या क्रमांकाने आधी काढायची, त्यातल्या वस्तूंना काळ ठरवण्यासाठी वापरायचं नाही. कोळशाचे नमुने तर भेगेपासून लांब, बंद जागेतूनच, करणीच्या टोकाने उचलून थेट अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये. कोळशावरून काळ ठरवणाऱ्या रेडिओकार्बन चाचणीचा खर्च मोठा आहे. भेगेत पडलेल्या कोळशावर तो करायचा नाही.

७ फेब्रुवारी

आजचा दिवस क विभागाचा.

घराची जमीन मिळाली. मुरूम-माती चोपून केलेली, वरून सारवलेली. इथल्याच गावातल्या मजूर आक्का करणी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हात थांबवला आणि म्हणाल्या, “मॅडम, हे सारवण आहे बघा, माती नाही.” जवळ जाऊन पाहिलं तर खरंच, करणीच्या पात्यावर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा पातळ थर सुटून आला होता, खालच्या बाजूला गवताच्या काड्यांचे ठसे. त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. आक्कांनी आयुष्यभर घर सारवलंय. त्यांना जे बोटांना कळलं ते आमच्यातल्या कुणाला डोळ्यांनी कळलं नव्हतं.

मग काम पूर्ण थांबवून पद्धत बदलली. जमिनीचा हातभर रुंदीचा एक तुकडा उभा कापून ठेवला. पाण्याचा हलका फवारा मारल्यावर कापावर पिवळट-करडे पट्टे उठून दिसले. दर पट्ट्याला क्रमांक. काही सारवणांच्या मध्ये राखेची बारीक रेघ आहे, फक्त चुलीच्या बाजूला. चूल कोपऱ्यात, तीन बाजूंनी मातीचा कठडा, आणि तीही दोनदा नव्याने घातलेली. शेजारी रांजणाचा बुडाकडचा अर्धा भाग जमिनीत पुरलेला. त्यातली माती सगळीच्या सगळी तरंगण टाकीसाठी पिशवीत भरली. धान्य जळालेलं असेल तर पाण्यावर येईल.

पत्रिकेच्या ‘काय वाटतं’ रकान्यात आक्कांचं म्हणणं त्यांच्या नावानिशी लिहिलं. निरीक्षण ज्याचं, नोंद त्याच्या नावावर.

१८ फेब्रुवारी

ज्वारीची सुगी सुरू. मजूर निम्म्यावर. स्वतःच्या रानातली मालदांडी काढायची सोडून कुणी आमच्याकडे का यावं? या आठवड्यात खोदकाम फक्त ब मध्ये. बाकी सगळे आराखडे, कापांची, म्हणजे खड्ड्यांच्या उभ्या बाजूंची, चित्रं आणि मागे पडलेल्या पत्रिकांवर. खोदणं आणि लिहिणं यांतलं अंतर तीन दिवसांपेक्षा वाढू द्यायचं नाही, वाढलं तर खोदणं थांबेल. मुकादमांना ही अट आवडत नाही, कारण पाट्या मोजून दिवसाचं काम दाखवता येतं, पत्रिका मोजून येत नाही.

४ मार्च

खापरांचं आवार जागेवर अपुरं पडू लागलं, म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीत बंद पडलेल्या यंत्रमागाची शेड भाड्याने घेतली. कोरडी, सिमेंटची जमीन, वर उजेडाला पत्र्यातल्या काचा. टॉवेल-चादरींचे जाड खोके शेजारच्या कारखान्यातून मिळाले. प्लास्टिकच्या पिशव्यांना घाम येतो आणि बुरशी धरते, त्यामुळे मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घेतल्या. चिठ्ठ्या दोन: एक पिशवीच्या आत, एक बाहेर. आतली अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कोरलेली, वाळवी तिला लागत नाही.

धुण्याआधी प्रत्येक संदर्भातली काही खापरं बाजूला, न धुता; भांड्याच्या आतल्या बाजूला चरबीचा अंश टिकला असेल तर तो धुण्याने कमी होऊ शकतो. काठ, बूड, नक्षी असलेल्यांवर क्रमांक. पोटाकडचे साधे तुकडे जातीनुसार मोजायचे, वजन करायचे, आणि ठरावीक नमुना ठेवून बाकीचे शेवटी जागेच्याच एका खड्ड्यात परत पुरायचे, खड्ड्याचं ठिकाण नकाशावर दाखवून. यावर आमच्यात बराच वाद झाला. सगळं ठेवा म्हणणाऱ्यांचं मला पटतं, पण शेडचं भाडं वर्षानुवर्षं कोण भरणार, याचं उत्तर आज कुणाकडे नाही. टाकण्याचा निर्णय आत्ता, मोजदाद करून, लिहून घेतलेला बरा. नाहीतर पुढे कधीतरी उंदीर आणि गळकं छप्पर तो घेतील, आणि त्याची नोंद कुठेच नसेल.

१४ मार्च

ब विभागात भाजक्या मातीच्या कड्यांचा शोषखड्डा. कड्यांवर कडी रचलेली, घरातलं सांडपाणी मुरवायला. आधी अर्धाच भाग काढला, काप काढून चित्र केलं, मग उरलेला. दीड मीटरवर थांबलो. काळ्या मातीची भिंत वाळली की सूचना न देता ढासळते, आणि तळ गाठायच्या हौसेपायी मी कुणालाही त्या भोकात उतरवणार नाही. तळ किती खोल आहे ते हाताने फिरवायच्या ओगरने, म्हणजे माती काढणाऱ्या गिरमिटाने, पाहिलं: आणखी साधारण मीटरभर, मग पिवळा मुरूम. ओगरच्या मातीचे नमुने उंचीनिशी ठेवले.

गावात सोनं निघाल्याची आवई उठली होती. निघालं होतं शिशाचं एक झिजलेलं नाणं. रविवारी गावकऱ्यांना बोलावून खड्डा, कडी, नाणं सगळं दाखवलं, १८७८च्या गुप्तधन कायद्याबद्दलही सांगितलं. शाळेची मुलं आधी आली आणि सगळ्यांत शेवटी गेली.

२९ मार्च

अवकाळी. संध्याकाळी अर्धा तास गारांसह. ताडपत्र्या टाकल्या होत्या, तरी क विभागाच्या उत्तर कापाचा एक भाग कोसळला. त्या कापाचं चित्र आणि फोटो आदल्या दिवशीच पूर्ण झाले होते, तीन दिवसांच्या अटीचा उपयोग झाला. कोसळलेली माती ‘विनासंदर्भ’ म्हणून एका क्रमांकाखाली चाळली. पाणी बाहेर काढायला पंप लावण्याआधी खड्ड्यातच कोपऱ्यात शोषखळगा केला, म्हणजे सारवणाच्या जमिनीवरून पाणी वाहिलं नाही.

११ एप्रिल

रस्त्याच्या अभियंत्यांबरोबर सगळ्यांत महत्त्वाची बैठक. युरोपात पुरातत्त्वीय वारसा जपण्याबाबतच्या १९९२च्या व्हॅलेटा करारानंतर असं खोदकाम आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या नियोजनातच धरायची रीत रुजली. आपल्याकडे दर प्रकल्पाला, दर अधिकाऱ्यापुढे नव्याने मांडावं लागतं. आज मांडलं.

ब आणि क यांच्या मधला पट्टा आम्ही उघडलेला नाही. तिथे मूळ आखणीत जमीन कापून रस्ता खाली न्यायचा होता. आमचं म्हणणं: रस्त्याची पातळी तिथे वर उचला, कापण्याऐवजी भराव घाला, म्हणजे खालचे थर जागच्या जागी राहतील. भराव वाढला की मुरूम जास्त लागतो, खर्च वाढतो. पण कापणी वाचते आणि पुराच्या पाण्यापासून रस्ता उंच राहतो. सीनेचं पाणी इथवर येतं हे अ विभागातल्या गाळाच्या थरांनी आम्हीच त्यांना दाखवलं होतं. त्या थरांची चित्रं टेबलावर पसरली तेव्हा चर्चेचा सूर बदलला.

ठरलं असं: उघड्या जमिनीवर आधी जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर धुतलेली वाळू, मग मुरूम. खालच्या थरांवर कंप देणारा रोलर चालवायचा नाही, साध्या वजनी रोलरनेच दाबायचं. आराखड्यातला बदल लेखी, सहीनिशी. आक्कांच्या सारवणाच्या जमिनीचा उरलेला अर्धा भागही आता न खोदता याच भरावाखाली जाईल.

३ मे

ऊन ४२ च्या पुढे. काम पहाटे साडेपाच ते साडेदहा. फोटो सूर्य वर येण्याआधी, नाहीतर सावल्या थरांच्या रेघा गिळतात. ड्रोनचे आणि हातातल्या कॅमेऱ्याचे फोटो जोडून त्रिमिती प्रतिमा होतात, खुणेचे ठोकळे टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने मोजलेले असले तर सेंटिमीटरपर्यंत बरोबर येतात. तरी कापाचं चित्र हाताने, फिल्मवर, ४एच पेन्सिलने काढायचं सोडलेलं नाही. हाताने रेघ ओढताना थर कुठे संपतो हे ठरवावंच लागतं.

टॅबलेट उन्हात तापून बंद पडतात, म्हणून कागदी पत्रिका पहिली आणि संगणकातली तिची नक्कल, हाच क्रम.

२७ मे

ड आणि अ विभाग गेल्या आठवड्यात रस्त्याच्या ताब्यात दिले, ब आणि क आज. कापड आणि वाळू आमच्या देखत अंथरली, त्याचेही फोटो आणि उंच्या घेतल्या. पुढे कधी कुणी भराव उकरला तर खालची जमीन कुठे सुरू होते ते त्याला कळायला हवं.

नोंदींच्या तीन प्रती झाल्या: मूळ कागद शेडमधल्या लोखंडी कपाटात, स्कॅन केलेली प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयाला, एक विद्यापीठाच्या विभागात. शिल्लक कामांची यादी प्रत्येकाच्या नावासमोर लिहून दिली. तरंगण टाकीतल्या धान्यांची छाननी, न धुतलेल्या खापरांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवणं, क विभागाच्या आकृतीत चुलीच्या दुसऱ्या बांधणीचा ब मधल्या शोषखड्ड्याशी लागत नसलेला संबंध, आणि प्राथमिक अहवालाचा पहिला मसुदा. त्याच्यासाठी दिवाळीची मुदत धरली आहे. जूनच्या पहिल्या सोमवारी शेडमध्ये बैठक. आक्का आणि जेसीबीवाले दादा दोघांनाही निरोप धाडलाय, कारण सारवणाच्या आणि वरच्या थराच्या नोंदी त्यांना वाचून दाखवून पक्क्या करायच्या आहेत.